चार ठिकाणी मांडलेलं पान

मला नाही म्हणता येत नाही, ही गोष्ट आमच्या घरात सर्वमान्य आहे. लग्नाच्या वेळी मुलगी पसंत आहे का विचारलं तेव्हाही हे लगेच हो म्हणाले होते, असं आमचं कुटुंब चारचौघांत सांगतं. त्यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे बारा वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. पण चौतीस साली महाडात माझ्या या स्वभावापायी एक बाई तीन दिवस उपाशी राहिली, आणि तेव्हापासून मी त्याची थट्टा करायचं सोडलं.

त्या साली कुटुंब मेहुणीच्या बाळंतपणासाठी तीन महिने पेणला गेलं. मी महाडच्या मामलेदार कचेरीत कारकून. स्वयंपाकात मला फक्त भात येतो, आणि तोही एका अंगाने कच्चा राहतो. तेव्हा खाणावळ लावणं भाग होतं. मी सरळ पहिली दिसेल ती लावली असती, पण शेजारी मुरारराव राहत होते.

मुरारराव म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं हाताळल्यामुळे दुसऱ्यांच्या कामांत लक्ष घालणं हे आपलं सरकारी कर्तव्य आहे अशी त्यांची समजूत होती, आणि पेन्शन मिळाली तरी ती गेली नव्हती.

"त्र्यंबकराव, एकदम महिना बांधून बसू नका," ते म्हणाले. "एकेका ठिकाणी एकेक दिवस जेवा. वही घाला. भाताला गुण द्या, आमटीला द्या, वाढणाऱ्याच्या वागणुकीला द्या. मग ठरवा. आपण सुशिक्षित माणसं."

सुशिक्षित म्हटलं की माझा निम्मा विरोध मावळतो. मी वही घातली. पहिल्या पानावर लाल शाईने रकाने आखले आणि सोमवारी नऊच्या सुमाराला वीरेश्वराच्या देवळाच्या बाजूला प्रयागबाईंकडे गेलो.

प्रयागबाई आमच्यातल्याच. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, तेव्हापासून खाणावळ चालवून राहिलेल्या. बोलणं कमी, पण वाढताना हात थांबायचा नाही. त्या दिवशी वालाचं बिरडं होतं, केळफुलाची भाजी होती आणि ताकाची कढी होती. बिरडं तोंडात गेलं आणि कुटुंबाच्या हातचं बिरडं आठवलं. खरं सांगायचं तर तुलनेत कुटुंब जरा मागं पडलं. ते मी वहीत लिहिलं नाही, कारण वही पुढे कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

आता इथे महाडची एक रीत सांगितली पाहिजे. खाणावळीत जेवण झालं की हातावर पाणी घालता घालता विचारायचे, "उद्या पान मांडायचं ना?" आपण हो म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून, नको म्हणेपर्यंत, रोज पंगतीत आपलं पान मांडलं जातं. मांडलेलं पान रिकामं उचलत नाहीत. नको असेल तर तिथेच नको म्हणावं आणि वाटेला लागावं. इतकी सोपी गोष्ट.

प्रयागबाईंनी पाणी घालता घालता विचारलं. माझ्या पोटात त्यांचं बिरडं होतं. ज्या बाईने तीनदा भात वाढला तिच्या तोंडावर नको म्हणायचं म्हणजे काय? मी म्हणालो, "हो, हो. मांडा की." चाचणी चालू आहे, हे आठवड्याने सांगू, असा मनात विचार केला.

मंगळवारी बंदराकडच्या भागोजीकडे गेलो. भागोजी आधी गलबतावर खलाशी होता, मग गुडघा गेला आणि त्याने बायकोच्या, म्हणजे रखमाच्या जिवावर खाणावळ काढली. तांदळाची भाकरी आणि सावित्री नदीतल्या शिंगाळा माशाचं कालवण. खाताना नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि मी आणखी मागून घेतलं.

"उंद्या येनार ना, सायेब? पान मांडतो," भागोजी म्हणाला.

माझे डोळे अजून पुसून व्हायचे होते. मी मान हलवली.

बुधवारी कचेरीच्या कामाला पोलादपूरला जायचं होतं. चांगूच्या भाड्याच्या मोटारीत बसून अकरा मैल धूळ खाल्ली आणि मोटारतळासमोरच्या बनुबाईच्या छपरात नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि लसणीची चटणी खाल्ली. बनुबाई ही उमरठकडची धिप्पाड बाई. सगळ्यांना अरेतुरे करायची, आणि मला सायेब म्हणूनही अरेतुरेच करायची.

"जेव रे सायेब, नीट जेव. तुज्या अंगावर मास नाय. दर बुधवारी येतोस ना कामाला? मंग तुजं पान माज्याकडं. सांग, मांडू ना?"

नको म्हणायची तिथे कुणाचीच छाती झाली नसती, त्यामुळे यात माझा दोष मी धरत नाही.

गुरुवारी पुन्हा पोलादपूरचंच काम निघालं. बनुबाईचं पिठलं दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागलं.

शुक्रवारचं मात्र जरा नाजूक आहे. महाडच्या मोटारतळावर लतीफचं हॉटेल होतं. आमच्यातल्या माणसाने तिथे चहा घेणं हीच त्या काळी मोठी गोष्ट, जेवणं तर लांबच. पण दर शुक्रवारी लतीफची बायको हफिजा तांदळाच्या रव्याची सांदणं वाफवायची, आणि त्यांचा वास कचेरीच्या खिडकीतून थेट माझ्या टेबलापर्यंत यायचा. चाचणी निःपक्षपाती हवी, असं मी स्वतःला बजावलं आणि मागच्या दाराने शिरलो. पांढरीशुभ्र सांदणं, वर नारळाचं दूध, सोबत रस्सा. कशाचा ते मी विचारलं नाही आणि लतीफनेही सांगितलं नाही. इतका समंजस हॉटेलवाला मी पुन्हा पाहिला नाही.

निघताना तो हळूच म्हणाला, "आमच्याकडं पानबिन नाय सायेब, पन ताट झाकून ठेवीन. मागलं दार उघडंच हाय." मी हो म्हणालो.

शनिवारी कचेरीला सुट्टी होती. पडवीत वही घेऊन गुणांची बेरीज करत बसलो होतो, तेवढ्यात मुरारराव आले. नेहमीसारखे बसले नाहीत, उभेच राहिले.

"तुम्ही प्रयागबाईंकडे जेवायला जाणार म्हणून सांगितलं होतंत का?"

"सांगितलं होतं. म्हणजे, तसं म्हणालो होतो."

"मंगळवारपासून तुमचं पान मांडलेलं असतं. आणि मांडलेलं पान जेवल्याशिवाय ती बाई तोंडात घास घालत नाही. सासूने घालून दिलेली शिस्त आहे. एकवेळ जेवणारी बाई. दिवेलागणीपर्यंत वाट बघते, आणि दिवे लागले की जेवायची वेळ गेली म्हणून गुळाचा खडा आणि पाणी घेऊन झोपते. आताच मोलकरीण सांगत होती. मंगळवारी एक पोरगा अचानक आला तो त्या पानावर बसला, म्हणून त्या दिवशी जेवली. पुढचे तीन दिवस नाही."

मी वही मिटली. बेरीज कितीची आली होती हे मला आजही आठवत नाही. तीन दिवस. मी बनुबाईचं पिठलं दुसऱ्यांदा वाढून घेत होतो, सांदणांवर नारळाचं दूध ओतून घेत होतो, आणि इकडे एक बाई माझ्या रिकाम्या पानासमोर बसली होती. मला माझीच लाज वाटली. इतकी की चपला न घालता मी वीरेश्वराच्या रस्त्याला लागलो.

सगळं खरं सांगून माफी मागायची, असं मी वाटेत चारदा घोकलं. पण दारात पाऊल टाकलं आणि प्रयागबाई म्हणाल्या, "आलात? मी म्हटलंच, कामात अडकला असाल. बसा." एवढंच. पान मांडलेलंच होतं. त्यांचा चेहरा ओढलेला होता. मी बसलो, जेवलो, आणि त्या आत जाऊन जेवायला बसल्याचा आवाज ऐकून मगच उठलो. नाही म्हणायचं ते राहिलंच. कसं म्हणणार? आता तर मुळीच म्हणता येईना.

तिथून धावत भागोजीकडे गेलो, कारण प्रयागबाई उपाशी राहतात तर रखमाही राहत असेल. राहत होती. "पान सोडून बाई मानूस कसं जेवंल?" असं उलट तिनेच मला विचारलं. लतीफकडे गेलो तर झाकलेलं ताट तसंच, आणि हफिजाने आतून निरोप दिला की पाहुण्याचं ताट झाकलेलं असताना घरात कुणी जेवायला हात धूत नाही.

म्हणजे हिशेब सरळ होता. मी जेवलो नाही तर तीन घरच्या बायका उपाशी. बुधवारी बनुबाई धरून चार. तेव्हा मी जेवायचं ठरवलं. सगळीकडे.

आता वाचणाऱ्याला वाटेल, थोडं थोडं खावं. तसं मीही समजत होतो. सोमवारी प्रयागबाईंकडे भात निम्मा ठेवला, तर त्यांनी विचारलं, "बिघडलंय का काही?" आणि आमटीची वाटी स्वतः हुंगून पाहिली. भागोजीकडे एकच भाकरी घेतली, तर तो आत ओरडून म्हणाला, "रखमे, सायेबास्नी मासा गोड नाय लागला बघ गो!" आतून भांडं आपटलं. लतीफ नुसता ताटाकडे बघत उभा राहिला. ते सगळ्यांत अवघड होतं. मी मुकाट्याने तिन्ही ठिकाणी पोटभर जेवू लागलो.

कचेरी अकराची. नऊला सुरुवात करून तिसरं जेवण उरकेपर्यंत पावणेबारा व्हायचे, आणि त्यानंतर चालणं आपल्या हातात राहत नाही. पहिल्या दिवशी अव्वल कारकुनांनी घड्याळाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पाहिलं. बुधवारी मी तीन जेवणं करून चांगूच्या मोटारीत बसलो आणि पोलादपूरपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याची माझ्या पोटाने नोंद घेतली. पुढे बनुबाई नाचणीची भाकरी थापत बसलेली. "जेव रे, रोडावलास," ती म्हणाली.

गुरुवारी टेबलावर लेखी कागद आला. "रोज पाऊण तास उशिरा येण्याचे कारण लेखी कळवावे."

मी सरकारी नोकर. सरकारशी खोटं बोलणं माझ्या रक्तात नाही. मी लिहिलं, "तीन ठिकाणी भोजन करणे भाग पडत असल्यामुळे विलंब होतो. बुधवारी चार." दुपारी कागद परत आला. "कारण विश्वसनीय वाटत नाही. भोजन केल्याबद्दल संबंधितांचे दाखले, दोन प्रतींत, शुद्ध अक्षरांत, प्रतिष्ठित साक्षीदाराच्या सहीसह जोडावेत. अन्यथा बिनपगारी समजण्यात येईल."

शुद्ध अक्षर म्हटल्यावर मुरारराव आलेच. त्यांनी खास टाक काढला आणि आठही दाखले एका बैठकीत लिहिले. मग शुक्रवारी रजा काढून, मुराररावांना बरोबर घेऊन मी अंगठे घेत फिरलो. भागोजीने अंगठा दिला, आणि अंगठा देईपर्यंत जेवायला बसवलं. पोलादपूरला बनुबाईने अंगठा दिला, त्याआधी दोन भाकऱ्या दिल्या. लतीफने उर्दूत सही केली आणि साक्षीदाराच्या जागी बोट ठेवलं. "हितं मुराररावांचं नाव घाला ना. धा वर्सं रोज सांजचा चहा मागल्या दारानं त्येच घेतात."

मी मुराररावांकडे पाहिलं. मुराररावांनी टाक शाईत बुडवला आणि पुष्कळ वेळ तो बाहेरच काढला नाही. शेवटी मुकाट्याने सही केली.

प्रयागबाईंचा दाखला शेवटचा राहिला. त्यांना वाचता येत नव्हतं आणि न वाचलेल्या कागदावर त्या अंगठा देणार नव्हत्या. मुराररावांनी वाचून दाखवायला कागद उचलला. आता ते पोस्टमास्तर. हातात आलेला गठ्ठा सगळाच वाचायचा अशी सवय. त्यांनी वरून सुरुवात केली आणि मी काही करण्याआधी भागोजी, बनुबाई आणि लतीफ असे तीनही दाखले, तारखेसकट, खणखणीत आवाजात वाचून टाकले.

प्रयागबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. वाचून झालं. मग त्यांनी पदराने हात पुसला, अंगठा दिला आणि आत गेल्या. मी घरी आलो. पोटात कळ येत होती, आणि ती सगळी जेवणाचीच होती असं मला म्हणवत नाही. संध्याकाळी मी पडवीत आडवा झालो तो उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारी दारात चाहूल लागली. मी डोळे उघडले तर भागोजी आणि रखमा पेजेचं गाडगं घेऊन उभे. मागोमाग लतीफ, हातात बाटली. हफिजाने आल्याचा रस काढून दिला होता. तेवढ्यात चांगूची मोटार दारापुढे थांबली आणि बनुबाई कुळथाच्या कढणाचा तांब्या घेऊन उतरली. बातमी चांगूने अकरा मैल वर नेली होती. सगळ्यांत शेवटी प्रयागबाई आल्या. केळीच्या पानाने झाकलेल्या पातेल्यात गुरगुट्या भात, आणि वर मेतकूट.

चार घरची चार भांडी माझ्या उशाशी आली. माझ्या पोटात पाण्याच्या घोटालाही जागा नव्हती. ती भांडी मी बघितली, ती माणसं बघितली, आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "नको."

मग मी सगळं सांगितलं. वही सांगितली, गुण सांगितले. नाही म्हणवेना म्हणून हो म्हणत गेलो, आणि तुम्ही उपाशी राहता कळल्यावर तर नाहीच म्हणवेना, हेही सांगितलं.

आधी बनुबाई हसायला लागली. मोठी बाई, हसली की पडवी हलली. मग माझ्या आजारी देहापुढे त्या मंडळींची सभा भरली. शेजारून मुरारराव आले आणि अध्यक्ष झाले, त्यांना कुणी केलं नव्हतं. ठरलं असं की सोमवार-मंगळवार प्रयागबाईंकडे, बुधवार बनुबाईकडे, गुरुवार-रविवार भागोजीकडे, शुक्रवार लतीफकडे, आणि शनिवारी पोटाला सुट्टी. गरीब विद्यार्थी वार लावून जेवतात तसा मी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, सरकारी नोकर, वारकरी झालो. माझं मत कुणी विचारलं नाही. शुक्रवारचं नाव निघालं तेव्हा प्रयागबाईंनी अंगणाकडे तोंड फिरवलं. एवढंच म्हणाल्या, "माझ्याकडे येताना अंघोळ करून यायचं."

मंडळी एकेक करून गेली. प्रयागबाई मात्र थांबल्या. भात जरासा तरी पोटात गेलेला बघून जाते, म्हणाल्या, आणि उंबऱ्याशी बसल्या. मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा ऊन पार कुंपणापर्यंत सरकलं होतं, आणि त्या तिथेच बसलेल्या होत्या.

"तुम्ही जेवून आलात ना?" मी विचारलं.

त्यांनी पातेल्यावरचं पान सारखं केलं. मला कळायचं ते कळलं, माझं पान आजही मांडलेलं होतं.

मी उठून बसलो. "मी जेवणार नाही. आज तुम्ही इथे जेवायचं."

"भलतंच काय. तुम्ही पारोसे, कालपासून अंथरुणात."

तेही खरं होतं. मी भिंत धरून विहिरीवर गेलो, दोन पोहरे अंगावर ओतून घेतले आणि ओलेत्यानेच आत आलो. दात वाजत होते. पाट ठेवला, त्यांच्या पातेल्यावरचं केळीचं पान उचलून पाटापुढे मांडलं, पाणी फिरवलं. मीठ कुठे वाढतात हे मला आठवेना, म्हणून दोन्हीकडे वाढलं. भात त्यांचाच होता, गार झालेला. मी डावाने तो वाढला.

"बसा," मी म्हणालो.

त्यांनी पानाकडे पाहिलं. "बावीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "मला कुणी वाढलेलं." आणि बसल्या.

ऊन अजून होतं. त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं, डोळे टिपले आणि पहिला घास घेतला. मी ओल्या पंच्यात कुडकुडत समोर उभा होतो, पातेलं हातात धरून. त्या माणसांनी माझ्यावर जे उपकार केले ते मी कधी फेडू शकलो नाही, आणि फेडावेत असं त्यांना वाटलंही नाही. पण त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत प्रयागबाईंनी पान स्वच्छ केलं, वर पाहिलं आणि जरा संकोचून म्हणाल्या, "थोडा आणखी वाढता का?"